संमेलनातले महिला सत्र शोभेपुरते नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

थंडी पडली की कडोली, येळ्ळूर, उचगाव, कुद्रेमानी, सांबरा, बेळगुंदी या गावांत ग्रामीण मराठी साहित्य संमेलनांची लगबग सुरू होते. ग्रंथदिंडी निघते, परिसंवाद होतात, कथाकथनाला मांडव भरतो. सीमाभागात मराठी वाचनाची सवय टिकली त्यात या संमेलनांचा वाटा मोठा आहे, म्हणूनच आयोजकांकडे आपल्या पत्रातून एक मागणी करत आहोत. घरातल्या मारहाणीवर, जातीच्या जाचावर, सत्तेच्या दडपशाहीवर बायकांनी जे लिहून ठेवले आहे, त्याच्या वाचनासाठी यंदा दीड तासाचे एक सत्र ठेवा. ते कसे चालवावे आणि कुठे फसते हेही सविस्तर लिहीत आहोत, कारण अशी सत्रे चांगल्या हेतूने ठेवली जातात आणि तयारीवाचून वाया जातात.

महिला सत्र आजही असते. पण ते जेवणानंतर असते, म्हणजे निम्म्या बायका पंगतीच्या आवराआवरीत आणि उरलेल्या परतीच्या बसच्या काळजीत असतात तेव्हा. विषय 'आई आणि संस्कार' असा बेताचा. सावित्रीबाईंच्या तसबिरीला हार घातला जातो, पण त्यांच्या 'काव्यफुले'तली (१८५४) एक ओळ वाचली जात नाही. कित्तूरच्या राणी चन्नम्मांचा जिल्हा आणि इंदिरा संतांचे गाव म्हणून आपण अभिमान सांगतो, त्या भागात एवढ्यावर समाधान मानणे बरोबर नाही.

यावर हमखास उत्तर येते की आधी भाषेचा प्रश्न सुटू द्या, घरातल्या गोष्टी मग चव्हाट्यावर आणा. हे म्हणणाऱ्यांनी सारा अबूबक्कर यांच्याकडे पाहावे. त्या कासरगोडच्या. १९५६च्या राज्य पुनर्रचनेत कासरगोड केरळात गेले आणि तिथल्या कन्नड भाषकांना तीच सल लागली जी आपल्याला आहे. त्या भागातल्या या मुस्लिम लेखिकेने कन्नडमध्ये 'चंद्रगिरिय तीरदल्लि' ही कादंबरी लिहिली. ती १९८१ मध्ये 'लंकेश पत्रिके'तून क्रमशः आली. विषय होता तलाक आणि पहिल्या नवऱ्याकडे परतण्यासाठी बाईवर लादला जाणारा दुसरा निकाह. आपल्या लोकांची बदनामी होते असा आरोप त्यांनी सोसला, पण लिहिणे सोडले नाही. भाषक म्हणून अन्याय सोसणाऱ्या समाजात राहूनही घरातल्या अन्यायावर बोट ठेवता येते आणि त्याने भाषेची बाजू लंगडी पडत नाही, हे त्यांच्या लेखनातून स्पष्ट दिसते.

मराठीत ही परंपरा पावणेदोनशे वर्षांची आहे. फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या, जेमतेम चौदा वर्षांच्या मुक्ता साळवेचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला अर्भकहत्येसाठी शिक्षा झाली, तेव्हा वर्तमानपत्रांनी समस्त स्त्रीजातीवर तोंडसुख घेतले. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी त्याला १८८२ मध्ये 'स्त्री-पुरुष तुलना' लिहून उत्तर दिले. इतकी टीका झाली की त्यांचे दुसरे पुस्तक कधी आले नाही. जोतीरावांनी त्यांची बाजू घेतली, ही त्यातली जमेची गोष्ट. मालती बेडेकरांना १९३३ मध्ये 'कळ्यांचे निःश्वास' छापताना विभावरी शिरूरकर हे नाव घ्यावे लागले.

सत्रात सर्वांत जास्त वेळ मात्र बेबीताई कांबळे यांच्या 'जिणं आमुचं'ला द्यावा असे आमचे स्पष्ट मत आहे. फलटणला छोटेसे दुकान चालवता चालवता त्यांनी ते लिहिले आणि कित्येक वर्षे त्या वह्या नवऱ्यापासून लपवून ठेवल्या. अभ्यासक मॅक्सीन बर्नसन यांनी त्यांना लिहिण्याविषयी विचारले, त्यानंतर ते 'स्त्री' मासिकात आले आणि १९८६ मध्ये पुस्तक निघाले. त्यात सवर्णांचा जाच आहे, आणि आपल्याच वस्तीत सुनेच्या पायात अडकवलेला लाकडी खोडाही आहे. बाहेरचा अन्याय आणि घरातला अन्याय एकाच पुस्तकात, एकमेकांना न झाकता सांगितले आहेत. सीमाभागातल्या वाचकाला याची गरज सर्वांत जास्त आहे. त्याच वर्षी शांताबाई कांबळे यांची 'माज्या जल्माची चित्तरकथा' आली. मल्लिका अमरशेख यांचे 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' (१९८४) वाचताना तर चळवळीतल्या थोर पुरुषाच्या घरात काय चालते हे कळते, आणि म्हणूनच ते वाचायला आयोजक कचरतात. कचरू नये.

राजकीय दडपशाही हा विषयही आपल्यापासून लांब नाही. फेब्रुवारी २०१५ मध्ये कोल्हापुरात गोविंद पानसरेंवर गोळ्या झाडल्या गेल्या, ऑगस्टमध्ये धारवाडात एम. एम. कलबुर्गींची हत्या झाली. या दोन शहरांच्या मधोमध बेळगाव आहे. ५ सप्टेंबर २०१७ रोजी बंगळुरात पत्रकार गौरी लंकेश मारल्या गेल्या. कलबुर्गींच्या हत्येनंतर साहित्य अकादमी गप्प राहिली, तेव्हा धारवाडात जन्मलेल्या शशी देशपांडे यांनी अकादमीच्या सर्वसाधारण परिषदेचा राजीनामा दिला. लग्नातल्या बलात्कारावर त्यांनी १९८० मध्येच कादंबरी लिहिली होती. घरातल्या दाराआडच्या हिंसेवर लिहिणारी बाईच पुढे सत्तेच्या मौनावर बोलली, हा धागा श्रोत्यांना दाखवावा. १९७५ मध्ये आणीबाणी असताना कऱ्हाडच्या संमेलनाध्यक्ष दुर्गा भागवत मंत्र्यांच्या उपस्थितीत लेखनस्वातंत्र्यासाठी उभ्या राहिल्या, पुढे त्यांना अटक झाली. याउलट २०१९ मध्ये यवतमाळच्या संमेलनाने नयनतारा सहगल यांना दिलेले उद्घाटनाचे निमंत्रण मागे घेतले, आणि मग उद्घाटन केले आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नी वैशाली येडे यांनी. व्यासपीठ कुणाला मिळते हे ठरवणाऱ्यांनी या दोन्ही संमेलनांचा इतिहास डोळ्यांसमोर ठेवावा.

आता प्रत्यक्ष सत्राविषयी. वेळ सकाळी साडेअकराची घ्यावी, उद्घाटनानंतर आणि जेवणाआधी. मराठी गद्य मोठ्याने वाचताना मिनिटाला सुमारे ११० ते १२० शब्द होतात, म्हणून ९०० शब्दांचा उतारा आठ मिनिटांत बसतो. असे तीनच उतारे निवडावेत. प्रास्ताविक पाच मिनिटे, प्रत्येक उताऱ्यापूर्वी लेखिका कोण आणि तिने कोणत्या परिस्थितीत लिहिले हे सांगायला तीन मिनिटे, म्हणजे चाळीस मिनिटांत वाचन संपते. पुढची चाळीस मिनिटे श्रोत्यांची. उरलेली दहा हाताशी राहू द्यावीत, ती लागतातच. चौथा उतारा घ्यायचा मोह झाला तर चर्चा कापली जाते, आणि चर्चा कापली तर सत्र भाषणच होऊन बसते.

उतारा निवडताना बहुतेकांची चूक होते ती ही की मारहाणीचा सर्वांत भीषण प्रसंग उचलला जातो. मागचापुढचा संदर्भ तुटला की त्यात बाई उरत नाही, फक्त मार उरतो, आणि मांडवातल्या काही जणांसाठी तो तमाशा होतो. मारापूर्वीची भीती, मारानंतर तिने काय केले, कुणाकडे गेली, कोण गप्प बसले, हा भाग निवडावा. वाचणारीने नाट्य करू नये. आवाज चढवणे, हुंदका आणणे, मागे बासरी लावणे, सगळे टाळावे. वाचन करणारी व्यक्ती गावातली असावी, पण पुढाऱ्याची सून किंवा देणगीदाराची मुलगी म्हणून निवडलेली नको. किमान दोन तालमी घड्याळ लावून कराव्यात. बोलीतली वाक्ये पहिल्यांदा वाचणारी व्यक्ती अडखळते, आणि अडखळली की लोक हसतात. तशा जागी हसू आले तर सत्र तिथेच मोडते.

सत्कार या सत्रात ठेवू नयेत. शाल, श्रीफळ, फेटा आणि प्रत्येकाचा परिचय यात सहज अर्धा तास जातो.

तीनपैकी एक उतारा कन्नडमधला असावा असा आमचा आग्रह आहे. काहींना तो रुचणार नाही याची कल्पना आहे. पण हासनच्या बानू मुश्ताक यांच्या बारा कथांना दीपा भास्ती यांच्या इंग्रजी अनुवादासाठी २०२५चे आंतरराष्ट्रीय बुकर पारितोषिक मिळाले, कन्नडमधल्या पुस्तकाला ते प्रथमच मिळाले, आणि त्या कथांतल्या बायका आपल्या गल्लीत राहतात तशाच आहेत. गीता नागभूषण आणि वैदेही आहेतच. सीमाभागातल्या मुली शाळेत कन्नड शिकतात. त्यांच्यापैकी एकीने मूळ कन्नड परिच्छेद वाचावा आणि दुसरीने त्याचा मराठी अनुवाद. अनुवाद छापील असेल तर अनुवादकाचे नाव घ्यावे. स्वतः केलेला अनुवाद जाहीर वाचायचा किंवा छापायचा असेल तर लेखिकेची किंवा हक्कधारकाची लेखी परवानगी आधी घ्यावी. प्रकाशित पुस्तकातला वाजवी लांबीचा उतारा जाहीर वाचायला कायद्याची आडकाठी नाही, पण पुस्तकाची पानेच्या पाने फोटो काढून व्हॉट्सॲपवर फिरवणे वेगळे. आपल्याकडे स्वामित्वहक्क लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे राहतो. मुक्ता साळवे आणि ताराबाई शिंदे यांचे लेखन खुले आहे, बेबीताईंचे नाही.

चर्चेत एक गोष्ट घडू शकते आणि तिची तयारी नसेल तर हे सत्र घेऊच नये. उतारा ऐकून एखादी बाई उठते आणि स्वतःचे सांगू लागते. सूत्रसंचालकाने तिला 'बोला, बोला, घाबरू नका' म्हणून माइकवर पुढे ढकलू नये. त्या क्षणी बोलावेसे वाटते आणि संध्याकाळी घरी परिणाम भोगावे लागतात. माइक खाली घ्यावा, तिच्या शेजारी आधीच ठरवलेली एखादी जाणती बाई बसावी, आणि शाळेची एक खोली त्यासाठी मोकळी ठेवलेली असावी. या सत्राचे फेसबुक थेट प्रक्षेपण आणि चित्रीकरण पूर्ण बंद ठेवावे, मोबाइल पिशवीत ठेवायला सुरुवातीलाच सांगावे. खोलीत एका कागदावर महिला साहाय्यवाणी १८१, तातडीच्या मदतीसाठी ११२, मोफत कायदेशीर मदतीसाठी १५१०० हे क्रमांक आणि २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालील आपल्या भागातल्या संरक्षण अधिकाऱ्यांच्या कार्यालयाचा पत्ता लिहिलेला असावा. हा कागद मांडवाच्या दाराशी वाटू नये. तो पिशवीत सापडला तरी काही घरांत मार बसतो. मागेल तिला द्यावा, आणि एवढा लहान असावा की घडी करून पोलक्यात ठेवता येईल.

वाचनातून पुढे लिहिणे येते, आणि ते आपल्या भागात व्हायलाच हवे. सीमालढ्यातल्या १७ जानेवारी १९५६ आणि १ जून १९८६ च्या हुतात्म्यांना आपण दरवर्षी अभिवादन करतो. १९८१च्या निपाणीच्या तंबाखू आंदोलनातल्या गोळीबाराची आठवण काढतो. त्या दिवशी घरात असलेल्या बायकांनी काय पाहिले, नंतर चूल कशी पेटवली, पोलीस दारात आले तेव्हा काय बोलल्या, हे किती नोंदले आहे? स्वेतलाना अलेक्सिविच यांनी लढाईत गेलेल्या सोव्हिएत बायकांना असेच साधे प्रश्न विचारून १९८५ मध्ये पुस्तक केले, पुढे २०१५ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. आपल्याकडे ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना भेटून १९८९ मध्ये 'आम्हीही इतिहास घडवला' हा ग्रंथ केला. सौंदत्तीच्या यल्लम्माला सोडलेल्या स्त्रियांचेही तेच. देवदासी सोडण्याच्या प्रथेवर १९८२च्या कायद्याने बंदी आली. मराठी वाचकाला हे जग ठाऊक झाले ते 'झुलवा', 'चौंडकं', 'भंडारभोग' या कादंबऱ्यांमुळे. त्या चांगल्या आहेत, पण तिन्ही पुरुषांनी लिहिलेल्या आहेत. त्या स्त्रिया आता म्हाताऱ्या झाल्या. त्यांचे बोलणे त्यांच्याच शब्दांत उतरवायला फार वर्षे उरलेली नाहीत.

हे काम साध्या मोबाइलवर होते. फोन विमान मोडवर टाकावा, पंखा बंद करावा, फोन बोलणाऱ्या बाईपासून वीतभर अंतरावर मऊ कापडावर ठेवावा. थेट टेबलावर ठेवला तर पेल्याचा, बांगडीचा प्रत्येक आवाज बोलण्यापेक्षा मोठा येतो. जात्यावरची ओवी घेताना एकदा जात्यासह आणि एकदा जाते थांबवून घ्यावी, नाहीतर घरघरीत शब्द हरवतात. हेमा राईरकर आणि गी पॉइट्वँ यांच्या प्रयत्नांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या आहेत, आणि सासुरवासाचे किती बारकावे त्यांत आले आहेत हे पाहिले की ओवीला फक्त 'लोककला' म्हणून बाजूला ठेवणे किती चुकीचे हे पटते. एका तासाच्या ध्वनिमुद्रणाचे लेखन करायला पाच-सहा तास लागतात, ते त्याच आठवड्यात करावे. 'करूलाय', 'येऊलाय' ही आपली बोलीतली रूपे प्रमाण करू नयेत, मध्येच आलेला कन्नड शब्द तसाच देवनागरीत ठेवून खाली अर्थ द्यावा. बाई रडली तर 'हुंदके देत' असे सजवू नये, 'थांबल्या' एवढे पुरे.

संमती दोनदा घ्यावी. एकदा मुद्रणापूर्वी, आणि एकदा लिहून झालेला मजकूर अथपासून इतिपर्यंत वाचून दाखवल्यावर. वाचता न येणाऱ्या बाईचा नुसता अंगठा घेणे म्हणजे संमती नव्हे. तिच्या विश्वासातल्या व्यक्तीसमोर सगळे वाचून दाखवावे आणि छपाईला जाईपर्यंत मजकूर मागे घेण्याचा हक्क तिच्याकडे ठेवावा. दुसऱ्या वेळी अनेक जणी एखादा प्रसंग काढायला सांगतात. तो काढावा, कितीही चांगला असला तरी.

ओळख लपवताना होणारी ठरलेली चूक म्हणजे नाव बदलायचे आणि बाकी सगळे तसेच ठेवायचे. दोन-तीन हजार वस्तीच्या गावात 'तिन्ही मुलीच असलेली, नवरा सरकारी बससेवेत' एवढ्यावर ती कोण हे मिनिटात कळते. गाव, नवऱ्याचा व्यवसाय, मुलांची संख्या, प्रसंगाचा महिना यांपैकी किमान तीन गोष्टी बदलाव्यात. जात बदलताना मात्र शंभरदा विचार करावा, कारण पुष्कळदा अत्याचाराचे कारणच तिथे असते. घटनांचा क्रम कधीही बदलू नये. डिसेंबर २०२३ मध्ये आपल्या तालुक्यातल्या एका गावात एका आईची जी विटंबना झाली, तिची दखल उच्च न्यायालयाने स्वतःहून घेतली. त्या गावाचे नाव आम्ही इथे मुद्दाम लिहीत नाही. त्यावर कविता लिहिणाऱ्यांनीही लिहू नये.

कायदा इथे स्पष्ट आहे. लैंगिक अत्याचारातील पीडितेची ओळख उघड करणे हा १९८३ पासून गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेत तो कलम ७२ मध्ये येतो आणि दोन वर्षांपर्यंत कैद व दंड होऊ शकतो. आडवळणाने ओळख पटेल असा तपशीलही छापू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितले आहे. प्रौढ स्त्री स्वतः लेखी संमती देऊन आपल्या नावाने छापू शकते, तो तिचा अधिकार आहे आणि 'तुझ्या भल्यासाठी' म्हणून तो हिरावू नये. अठरा वर्षांखालील मुलीच्या बाबतीत पोक्सो कायदा अधिक कडक आहे, तिथे कुटुंबाच्या होकाराने भागत नाही.

जमलेले लेखन छापायचे असेल तर डेमी आकारात १६ पानांचा एक फर्मा धरून चार फर्म्यांची, ६४ पानांची पुस्तिका पुरते. पानाला अडीचशे शब्द धरले तर दीड हजार शब्दांची आठ-दहा निवेदने त्यात बसतात. गावच्या वाचनालयांनी अशी पुस्तके पाककृती आणि विणकामाच्या कपाटात 'महिलोपयोगी' म्हणून ठेवू नयेत. आत्मकथने चरित्रांच्या रांगेत जातात आणि थोर पुरुषांच्या जाडजूड खंडांमागे दिसेनाशी होतात. त्यांना दाराजवळचे एक फळकूट वेगळे द्यावे.

उताऱ्यांची यादी आणि संमतिपत्राचा मराठी व कन्नड नमुना तयार आहे. ज्या आयोजकांना हवा असेल त्यांनी आपल्या कार्यालयामार्फत कळवल्यास आम्ही तो विनामूल्य देऊ, वाचन करणाऱ्यांच्या तालमीलाही येऊ. यादी कार्यक्रमपत्रिका छापण्याआधी किमान दीड महिना हाती असावी, कारण अनुवादाच्या परवानग्यांना तेवढा वेळ लागतो. सीमाभागात संमेलनाच्या परवानगीसाठी काय धावपळ करावी लागते हे सर्वांना माहीत आहे. अर्जाला जोडायच्या पत्रिकेत या सत्राचे नाव गोलमोल न देता 'स्त्रियांचे लेखन : हिंसा आणि दडपशाही' असे सरळ लिहावे, आणि वेळ सकाळची साडेअकराचीच टाकावी.

आपल्या,
वाचनगट चालवणाऱ्या काही जणी
बेळगाव, खानापूर, निपाणी